बाटलीतलं ‘थाई जिंजर ड्रेसिंग’ आणि आमच्या वावरातलं आलं

निकाल आधी सांगते: ही बाटली घेऊ नका. पाचपैकी दीड तारा. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. पण ज्यांच्या घरात आलं, लिंबू, मिरची आणि गूळ आहे त्यांनी पुढे वाचा. त्या बाटलीवर जे लिहिलंय ते घरी वीस मिनिटांत होतं, आणि त्याला खरोखर आल्याची चव येते.

दिवाळीला लेक पुण्याहून आली तीच पिशवीतून बाटली काढत. कोथरूडच्या एका मोठ्या दुकानात तिला दिसली होती. काचेची, 250 मिलीची, 325 रुपयांची, वर आल्याच्या गड्ड्याचं चित्र आणि सोनेरी अक्षरांत ‘थाई जिंजर ड्रेसिंग’, म्हणजे सॅलडवर घालायचा आल्याचा रस. “आई, तुला बँकॉकची आठवण येईल,” म्हणाली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. नंतर पुण्याला गेले तेव्हा त्याच फळीवरच्या आणखी तीन बाटल्या हातात घेऊन वाचल्या, एकोणीस-वीसचा फरक. त्यामुळे हे एका कंपनीबद्दल नाही, त्या अख्ख्या फळीबद्दल आहे.

आल्याच्या बाबतीत मी हळवी आहे. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आमचं वीस गुंठे आलं असतं. लग्न होऊन या घरात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. तेव्हापासून दरवर्षी अक्षय तृतीयेच्या सुमारास गादीवाफ्यांवर बेणं लावायचं, पावसाळाभर गड्डा कुजतोय का म्हणून बुंधे उकरून बघायचे, आणि थंडीत पाला वाळला की काढणी. आमच्याकडे आल्याचा भाव किलोवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात. एक गाडी म्हणजे 500 किलो. आणि दरवर्षी व्यापाऱ्याशी वाद ठरलेला, नवं आलं आणि जुनं आलं यांचा. त्याच वर्षी काढलेलं ते नवं. जमिनीत राखून दुसऱ्या हंगामात काढलेलं ते जुनं. जुन्याला भाव चढा, नव्याला पाडून मागतात. हा वाद लक्षात ठेवा, पुढे ड्रेसिंगमध्ये त्याचा संबंध येणार आहे.

बाटली हातात आली की मी पाठ आधी वाचते. आपल्याकडे पाकीटबंद पदार्थावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावे लागतात, सगळ्यांत जास्त असेल ते पहिलं. इथे क्रम असा होता: पाणी, सोयाबीन तेल, साखर, गाजर, सोया सॉस, व्हिनेगर, आणि सातव्या जागी आलं, 2.5 टक्के. त्याच्यापुढे सुंठपूड, लसूणपूड, मीठ, मिरचीचा अर्क, घट्टपणासाठी झांथन गम, सायट्रिक आम्ल, टिकण्यासाठी सोडियम बेंझोएट. लिंबाचा थेंब नाही.

250 मिलीत 2.5 टक्के म्हणजे सव्वासहा ग्रॅम. लेकीच्या केकच्या काट्यावर तेवढं आलं ठेवून बघितलं. करंगळीच्या पेराएवढा तुकडा. त्या आठवड्यात आमचं राखलेलं जुनं आलं 20 हजार रुपये गाडीनं गेलं होतं, म्हणजे 40 रुपये किलो. त्या हिशेबानं 325 रुपयांच्या बाटलीत चार आण्यांचं आलं. एका गाडीत अशा 80 हजार बाटल्या निघतील. मालकांना हा हिशेब सांगितला, तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

चव. पहिल्यांदा गोड लागतं, मग व्हिनेगरचा आंबटपणा, मग तेलाचा थर जिभेवर बसतो आणि सगळ्यांत शेवटी घशात जळजळ. ती जळजळ सुंठीची आहे, आल्याची नाही. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं होतं, म्हणून हे सांगायची हिंमत करते: ओल्या आल्याचा तिखटपणा जिंजरॉल नावाच्या द्रव्याचा असतो. आलं वाळवलं की त्यातल्या बऱ्याचशाचं शोगॉल होतं, आणि ते जास्त जहाल असतं. शिजवलं की झिंजरोन होतं, ते सौम्य आणि किंचित गोडसर. म्हणून चहातलं आलं, लोणच्यातलं आलं आणि बाळंतिणीच्या लाडवातली सुंठ या तिन्ही चवी वेगळ्या. ओल्या आल्याला जो एक लिंबासारखा ताजा वास असतो, ताटातून नाकात जाणारा, तो उडून जाणारा असतो. महिनोन् महिने फळीवर उभ्या राहणाऱ्या बाटलीत तो राहणं कठीणच आहे. मला कंपनीचा राग यापेक्षा वेगळ्या कारणानं आहे: पुढच्या बाजूला ओल्या आल्याचं चित्र काढून आत सुंठीची चव दिली.

दीड तारा कशाचा? एक तारा लेबल स्वच्छ आणि वाचता येईल अशा अक्षरांत छापलं आहे त्याचा. टक्केवारी लिहिली नसती तर मला हा हिशेब मांडताच आला नसता. अर्धा तारा उकडलेल्या मक्याच्या दाण्यांवर बरं लागलं त्याचा.

आता ‘थाई’ या शब्दाबद्दल. जाऊबाईंची लेक न्यू जर्सीला असते. व्हिडिओ कॉलवर बाटली दाखवली तर म्हणाली, “काकू, हे तर इथल्या जपानी हिबाची रेस्टॉरंटात जेवणाआधी सॅलडवर घालून देतात ते. गाजर, आलं, तेल, व्हिनेगर. रंगसुद्धा तोच.” म्हणजे अमेरिकेतल्या जपानी हॉटेलांची चव, नाव थायलंडचं. तिथून मला सगळा उलगडा झाला. गाजर का, तेल का, लिंबू का नाही.

कारण थायलंडमध्ये मी जे खाल्लं होतं त्यात यातलं काहीच नव्हतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, काढणी उरकल्यावर, लेकीनं मला आठ दिवस बँकॉकला नेलं. देवळं बघितली, नदीतल्या नावेत बसलो, ते सगळे बघतात. मला जिथून हलावंसं वाटेना ती जागा म्हणजे ऑर तॉर कॉर बाजार. चतुचकच्या मोठ्या आठवडी बाजाराजवळच, मेट्रोच्या काम्पेंग फेट स्टेशनातून वर आलं की समोर. शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पणन संस्थेचा हा बाजार आहे, आणि शेतमाल इतका स्वच्छ, इतका मानानं मांडलेला मी कुठे पाहिला नव्हता. धुतलेलं आलं दोन वेगळ्या ढिगांत. एक पिवळट पांढरं, पातळ सालीचं, डोळ्यांपाशी गुलाबी. दुसरं तपकिरी, जाड सालीचं, दशांचं. पाटी वेगळी, भाव वेगळा. बरोबर आलेल्या तिथल्या मुलीनं सांगितलं, आलं म्हणजे खिंग. कोवळं ते खिंग ऑन, जून ते खिंग कॅ. मी लेकीला म्हटलं, “बघ, इथेही नवं-जुनं आहेच.” पण तिथे नव्याला कमी लेखलेलं नव्हतं. नव्याचं काम वेगळं, जुन्याचं काम वेगळं, आणि गिऱ्हाईक कामाप्रमाणे मागून घेत होतं.

शेजारच्या ढिगात आल्याचाच भाऊ, गुळगुळीत, कड्याकड्यांचा, पांढरट. त्याला ते ‘खा’ म्हणतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात घसा बसल्यावर चघळायला कुलिंजन मिळतं, त्याच जातकुळीतला. दोन हट्टी माणसं एकमेकांना भिडली की थाई लोक आल्याची आणि खाची उपमा देतात, हेही त्या मुलीनंच सांगितलं. ड्रेसिंगमध्ये आल्याच्या जागी खा घालायच्या भानगडीत पडू नका. त्याची चव औषधी आणि गड्डा लाकडासारखा.

त्याच बाजारात मियांग खाम खाल्लं. आपल्या विड्यासारखंच समजा. पान नागवेलीच्याच कुळातलं पण मवाळ, त्याला ते चाफ्लू म्हणतात. पानाचा द्रोण करायचा आणि त्यात आल्याचे बारीक चौकोनी तुकडे, लिंबाचे सालीसकट तुकडे, भाजलेलं खोबरं, शेंगदाणे, मिरची, छोटा कांदा, सुकट, आणि वरून गुळाचा दाट पाक. पाकातही आलं. सगळं एकदम तोंडात. मी तीन खाल्ले आणि मग बाकावर बसून राहिले. सत्तावीस वर्षं आलं पिकवलं, आणि आलं असं तुकड्यानं खायचं असतं, ते जेवणाचं मुख्य माणूस असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्याकडे आलं नेहमी वाटणात विरघळून जातं.

दुसरं खानोम चीन साव नाम. तांदळाच्या शेवया, वर अननसाचा कीस, आल्याच्या काड्या, लसणाचे काप, सुकटीची पूड, नारळाचं दूध, लिंबू आणि मिरची. माझं आजोळ मालवणकडचं. तिथे शिरवाळ्या आणि नारळाचा गोड रस खाऊन मोठी झाले. तीच शेवई, तोच रस, पण खारट, आंबट आणि आल्याचा. लेकीला सांगता सांगता माझे डोळे भरून आले, कारण आजीला हे दाखवायला हवं होतं असं वाटलं.

आणि तिसरं, प्रतुनाम भागात मिळणारा खाव मन गाय. कोंबडीच्या रश्शातला भात, उकडलेली कोंबडी आणि वाटीत एक काळपट चटणी. त्या पदार्थाचा जीव त्या वाटीत आहे: आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, ठेचलेलं आलं, लसूण, मिरची, व्हिनेगर, साखर. ‘थाई जिंजर सॉस’ म्हणून कुणाला काही बाटलीत भरायचंच असेल तर हे भरावं.

त्यांच्या कोशिंबिरीच्या प्रकाराला यम म्हणतात. यमचा अर्थ कालवणं. आणि त्या कालवण्यात तेल नसतं. नाम प्ला, म्हणजे माशाचं आंबवलेलं पाणी, लिंबू, साखर किंवा गूळ, मिरची. खारट, आंबट, गोड, तिखट. बस. बाटलीत तेल दुसऱ्या क्रमांकावर होतं, तिथेच त्या बाटलीचा थायलंडशी संबंध तुटला होता.

मी जे घरी करते ते कुठल्या थाई बाईचं जसंच्या तसं नाही, हे आधीच सांगून ठेवते. यमचा रस, मियांग खाममधला आल्याचा थाट आणि आमच्या घरातल्या वस्तू, असं ते आहे. बसवायला दिवाळीची सुट्टी आणि पुढचे दोन आठवडे लागले.

पहिल्यांदा सगळं मिक्सरात फिरवलं. फेस आला, रंग पांढुरका झाला, आल्याच्या दशा पात्याला गुंडाळल्या, आणि सोबत गेलेल्या लिंबाच्या बीमुळे सगळं कडू झालं. दुसऱ्यांदा खिसणीवर आलं खिसलं. रस छान निघाला पण दाताखाली कापूस. तिसऱ्यांदा पाटा मांडला. पाट्यावर आलं आडवं चिरून, मीठ आणि गूळ टाकून ठेचलं की गुळाचे खडे स्वतःच आलं रगडतात. तेव्हा जो वास उठला तो बँकॉकचा होता. थाई बायका उभ्या मातीच्या उखळीत लाकडी मुसळानं कोशिंबीर कुटतात, त्या आवाजाला त्या ‘पोक पोक’ म्हणतात. दगडाची उखळ मसाल्याच्या वाटणाला. पाटा किंवा दगडी खल दोन्ही चालतं. लोखंडी खलबत्ता मात्र घेऊ नका, लिंबानं लोखंडाची चव उतरते.

पण नुसतं ठेचलेलं आलं घालूनही काहीतरी कमी पडत होतं. रसात चव होती, दातांना काही नव्हतं. मग ते दोन ढीग आठवले. दिवाळीच्या वेळी आमच्या वावरात नवं आलं साडेपाच-सहा महिन्यांचं असतं. गड्डा पूर्ण भरलेला नसतो, पण भाजीपुरता एखादा कोंभ उकरला तर साल नखानं निघते आणि आत दशी जवळजवळ नसते. आणि खोपटात राखलेलं जुनं आलं होतंच. जुनं ठेचलं, नव्याच्या काड्या केल्या. जुनं रसाला, नवं दाताला. ज्या नव्याला व्यापारी नाकं मुरडतात त्याच्याशिवाय हे ड्रेसिंग होत नाही, आणि नुसत्या नव्यानं त्याला जोर येत नाही. एवढी एकच गोष्ट या लेखातून घेतलीत तरी मला समाधान आहे.

शहरात नवं-जुनं ओळखायचं कसं, तर अंगठ्यानं साल घासा. सरकली तर नवं. कोंभ मोडा, कट्‌कन तुटलं आणि धागा लोंबला नाही तर नवं. जून आल्याची साल जाड, घासून सरकत नाही, तुटताना दशा बाहेर येतात. बाजारात फक्त जूनच मिळालं तर काड्या करण्याआधी दशांना आडवे पातळ काप घ्या, मग उभे चिरा. चिमूटभर मिठात चोळा, पाच मिनिटांनी धुऊन पिळा. तिखटपणा बसतो. साल चमच्याच्या कडेनं खरवडा, सुरीनं सोललंत तर सालीखालचा चांगला भाग जातो.

आता नाम प्ला. घाबरू नका. बोटाएवढ्या लहान माशांत मीठ घालून वर्ष-दीड वर्ष आंबवतात आणि वरचं पाणी गाळून घेतात. तो मासा आपल्या मांदेलीच्याच कुळातला. बाटली उघडल्यावर वास येतो खरा, पण ज्या घरात सुकट आणि बोंबील भाजले जातात त्या घराला त्या वासाचं काय? लिंबू पडलं की तो वास मागे सरतो आणि एक खोल खारटपणा राहतो, तो नुसत्या मिठानं येत नाही. लेबलावर मासा आणि मीठ, फार तर साखर, एवढंच असलेली बाटली घ्या. मी ऑनलाइन मागवते. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवते, महिनोन् महिने टिकते.

आमच्या आत्याबाई माळकरी आहेत. त्यांच्या ताटात नाम प्ला चालणार नाही, आणि घरातल्या थोरल्या माणसाला वगळून नवीन पदार्थ करणं मला जमत नाही. बँकॉकमध्ये हे विचारून घेतलं होतं. तिथे साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास चिनी वंशाचे लोक नऊ दिवस ‘किन चे’ पाळतात, फुकेतला तर मोठा उत्सव असतो. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. त्या दिवसांत नाम प्लाच्या जागी फिकट सोया सॉस. मी आत्याबाईंसाठी दोन चमचे नाम प्लाऐवजी दीड चमचा फिकट सोया सॉस, चिमूटभर मीठ आणि एक चमचा पाणी घालते, लसूण गाळते. त्यांनी काकडीवर खाल्लं आणि म्हणाल्या, “गं, हे पाचकासारखं लागतंय. मला भाताबरोबर दे.” पाचक म्हणजे आलं, लिंबू, सैंधव, घरोघरी असतं. त्यांनी एका घासात जे पकडलं त्याला मला बँकॉकपर्यंत जावं लागलं.

गुळाबद्दल थोडं. थाई लोक ताडाचा किंवा माडाचा गूळ वापरतात, फिकट, लोण्यासारखा मऊ. मला मावसबहिणीनं गोव्याहून माडाचा गूळ पाठवला होता, काळा, सुळक्यासारखा. तो जास्त खरपूस आणि जरा खारट असतो, म्हणून तो वापरला तर नाम प्ला किंचित कमी. आमचा उसाचा गूळ घालूनही केलं. चांगलं होतं, पण उसाच्या गुळाला स्वतःचा वास जोरात आहे, तो आल्याच्या अंगावर येतो. नसेलच काही तर साधी साखर घ्या. चव कमी खोल, पण स्वच्छ.

आणि कोथिंबिरीची मुळं. आमच्या बाजारात जुडी मुळांसकट मिळते, आणि आपण पहिलं काम काय करतो, तर मुळं छाटून उकिरड्यावर. थाई स्वयंपाकात मूळ हाच जुडीचा मौल्यवान भाग. कोथिंबिरीचं मूळ, लसूण आणि पांढरी मिरी हे तीन जिवलग एकत्र कुटून अर्ध्या स्वयंपाकाची सुरुवात होते. माती नीट घासून काढा, दोन मुळं आल्याबरोबर ठेचा. पानांपेक्षा वेगळा, जमिनीचा असा वास येतो. आता माझ्या फ्रिजरमध्ये मुळांची पिशवी असते.

चार माणसांसाठी माझं माप असं. जुनं आलं 20 ग्रॅम, नवं 20 ग्रॅम, म्हणजे दोन्ही मिळून बाटलीतल्या आल्याच्या सहापट. कोथिंबिरीची 2 मुळं, लसणाची 1 मोठी पाकळी, 2 लवंगी मिरच्या, 25 ग्रॅम माडाचा गूळ, 2 मोठे चमचे नाम प्ला, 1 चमचा कोमट पाणी, 3 मोठे चमचे लिंबाचा रस. लिंबं रसाळ असतील तर तीन पुरतात, उन्हाळ्यात चार लागतात. थाई मनाव म्हणजे आपल्या कागदी लिंबासारखंच, पातळ सालीचं, त्यामुळे इथे आपल्याला काही उसनं आणावं लागत नाही. मुळं, लसूण, मिरची आणि जुनं आलं गुळासोबत ठेचा. नाम प्ला आणि पाणी घालून गूळ विरघळू द्या. लिंबू सगळ्यांत शेवटी, आणि साल उलटी करून पिळू नका, कडवटपणा उतरतो. मग चाखा. नुसता रस जिभेला जरा जास्तच वाटला पाहिजे. भाजीत गेला की बरोबर होतो. नव्याच्या काड्या कालवताना घालायच्या.

तेल नसल्यामुळे हे पानाला चिकटून राहत नाही, म्हणून लेट्यूसवर घालून बसू नका. ज्याला अंग आहे अशा गोष्टी घ्या. कच्ची पपई आणि गाजराचा लांब कीस. काकडी, बिया काढून. कोबी अगदी बारीक. अर्धकच्चा पेरू, हा माझा शोध आणि सगळ्यांत आवडता. उन्हाळ्यात कैरी, मग लिंबू निम्मं. वरून भाजलेल्या शेंगदाण्यांची जाड भरड. आमच्या डब्यातला रोजचा कूट फार बारीक असतो, तो रस पिऊन टाकतो आणि लगदा होतो; दाणे वेगळे, हातानं अर्धे-पाव मोडून घ्या. पुदिना असेल तर दहा-बारा पानं. मीठ असलेला रस पडला की काकडी पाणी सोडायला लागते, हे कोशिंबीर करणाऱ्या कुणालाही सांगायला नको. पानं वाढून झाली की मगच कालवायचं.

टिकण्याचं म्हणाल तर बाटलीची ही एक बाजू मोठी आहे, ती वर्षभर टिकते. माझं टिकत नाही. लिंबू पिळल्यावर दोन-तीन तासांत चव उतरायला लागते, दुसऱ्या दिवशी ते नुसतं आंबट पाणी. नोकरी करणाऱ्या मुलींना रोज पाटा मांडणं शक्य नाही हे मला कळतं. त्यासाठी नाम प्ला आणि गूळ पाण्यात कोमट करून विरघळवून, गार करून बरणीत भरा. फ्रिजमध्ये तीन आठवडे सहज राहतं. आलं, मिरची, लिंबू त्या त्या वेळी. मग काम पाच मिनिटांचं.

खर्च मांडला. नाम प्लाचे साधारण 35 रुपये, गुळाचे 10, लिंबं 20, बाकी किरकोळ धरून सत्तर-पंचाहत्तर रुपयांत चार माणसांपुरतं होतं. बाटलीतलं तेवढंच ड्रेसिंग दीडशेच्या पुढे पडतं. माझ्या मापात सगळ्यांत महाग वस्तू मासा आहे आणि सगळ्यांत स्वस्त आलं. हे शेतकऱ्याच्या घरातून लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे. धाकटा कधीमधी मक्यावर घालतो. संपली की काच धुऊन त्यात गुळाचं पाणी भरणार आहे, झाकण घट्ट बसतं.

लेक परत जाताना तिला एक बरणी, दोन मुठी जुनं आलं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेलं नवं आलं दिलं. परवा रात्री फोन आला, मागे पोक पोक आवाज. खोलीतल्या मैत्रिणींसाठी पेरूचं करत होती.

“आई, लिंबू आत्ता पिळू का?”

“सगळ्या बसल्या का?”

“एक यायचीय अजून.”

“मग थांब.”